कोण्या पाण्यात दाळ शिजते?

वरवट बकाल गावात बोंब उठली होती, की मंजुळाबाई बोअरचं खारं पाणी खामगावात नेऊन विकते. विकते कसली! बाईंना फिल्टर घ्यायचा होता. गुरुवारी सून अर्पिताचं डोहाळजेवण, तिच्या माहेरची माणसं येणार, आणि बोअरच्या पाण्यात हरभऱ्याची दाळ काही केल्या शिजेना. पुरण वाटायचं कशाचं? म्हणून बाईंनी घरच्याच पाण्याची कॅन उचलून फिल्टरच्या दुकानात नेली.

दुकानदार एका दमात सुरू झाला, "मावशी, हे आरओ, हे यूएफ, याच्यात कॉपर, अन् हे यूव्ही, याले पाहा निळा लाइट!"

"हाव, पण दाळ कोण्या पाण्यात शिजते?"

"मावशी, याच्यात जंतू मरते न!"

"जंतू मेले म्हणून दाळ शिजते काय बे?"

दुकानदारानं कॅनमधलं पाणी तिन्ही मशीनमधून काढून तीन सारख्या बाटल्यांत भरून दिलं. बाटल्यांवर खूण करायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

घरी बाईंनी तीन गंजांत, म्हणजे पातेल्यांत, दाळ चढवली. दोन गंजांतली कडकच राहिली, तिसऱ्यातली बोटानं दाबली की मऊ. बाई खूश! तेवढ्यात यजमान अर्जुनराव म्हणाले, "हे कोण्या मशीनचं पाणी व?"

बाई रिकाम्या बाटल्यांकडे बघतच राहिल्या. "यष्टीत पिशवी आडवी झाल्ती... निळ्या लाइटचं असन."

"असन म्हंजे?"

"मले काय पुसता? तुमीच वास घेऊन पाहा!"

अर्जुनरावांनी खरंच बाटल्या हुंगल्या. अर्पितानं तळाशी उरलेले थेंब चाखले. तिघांची तीन मतं झाली.

मी शेजारचा, कुंपणाशी उभा राहून सगळं ऐकत होतो. म्हटलं, "काकू, तुमी निळ्या लाइटचंच आणसान. लावा पैज!" हरणाऱ्यानं काकूंच्या न्हाणीतल्या बादल्यांवरचा खाऱ्या पाण्याचा पांढरा थर खरडायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाई कॅन, भिजवलेली दाळ, गंज आणि छोटा गॅस घेऊन दुकानात हजर. "आता तुह्यासमोरच शिजवतो."

"मावशी, शोरूम आहे हे!"

"मंग काय झालं? पाणी काढ."

निळ्या लाइटच्या पाण्यातली दाळ कडक. यूएफची कडक. कोपऱ्यातल्या साध्या आरओच्या पाण्यातली शिजून मेण झाली. बाईंनी तोच उचलला, तरी निघताना विचारलंच, "मंग त्या लाइटात काय शिजते?"

गुरुवारी पंगत पुरणपोळीवर तुटून पडली. मी न्हाणीत काथ्या घेऊन बसलो होतो, आणि थर काही निघत नव्हता.