पोकोची अकरा मिनिटं

यांबा निकीएमा हा आमच्या शेजारचा. बुर्किना फासोतल्या वागादुगुच्या थिएटरांत चौतीस वर्षं त्याने सिनेमे दाखवले आणि त्यातला एकही धड पाहिला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. पडद्यावर नायिका मरो की नाचो, या माणसाची नजर कोपऱ्यांवर. अक्षरं स्वच्छ आहेत ना, कड पुसट होत नाही ना, आवाज फाटत नाही ना. घरी बायको विचारायची, "आज काय होतं?" हा म्हणायचा, "चांगलं होतं. कुठे अडकलं नाही."

बायको, पोको, आमच्या गल्लीत दोलो करायची, म्हणजे ज्वारीची बिअर. माझी जुनी विद्यार्थिनी रस्माता गेल्या वर्षी तिच्या चुलीशी आठवडाभर कॅमेरा घेऊन बसली आणि अकरा मिनिटांचा माहितीपट केला. जानेवारीत पोको गेली. तीन दिवस डोकं दुखलं, चौथ्या दिवशी संपलं. फेब्रुवारीच्या महोत्सवात माहितीपट निवडला गेला.

रस्माता विचारायला आली. "काका, तुम्हाला नको असेल तर मी मागे घेते."

"नको कशाला? मशीन मीच चालवणार आहे."

ती गेल्यावर मला म्हणाला, "बाई, पोको चालताना कशी दिसायची ते मला आठवत नाही. फोटोत नुसती बसलेली आहे. एकदा चालताना बघायचीय." बल्ब बदलायचाय म्हणावं, त्या आवाजात. मयताच्या दिवशीही तो असाच. लोक बोलले, बोलू देत.

लघु माहितीपटांना दुपारी चारचा खेळ मिळतो, तोही एकदाच. पोकोचा तिसरा होता. त्याला एकट्याला सोडवेना म्हणून मी मशीनच्या खोलीत स्टुलावर बसले.

पोको आली. मडकं ढवळलं, एका गिऱ्हाइकाला झापलं, डोक्यावर घमेलं घेऊन नळावरून पाणी आणलं. खाली लोक हसत होते. यांबाचा हात बटणावर.

"आवाज चढतोय जरा," तो म्हणाला.

"अरे, तिच्याकडे बघ!"

"बघतोय."

दिवे लागले. त्याने कागदावर वेळ लिहिली आणि पेन्सिल तशीच धरून राहिला.

"बाई, लुगडं कुठल्या रंगाचं होतं तिचं?"

"हिरवं."

"मी पाहिलं नाही. डावा कोपरा पुसट होता, तो सारखा करत होतो."

मी चिडले. रस्माताच्या लॅपटॉपवर उद्या परत बघ म्हटलं. "तिथेही कोपराच बघेन," तो म्हणाला. 

मध्यंतर होतं. आम्ही अंगणात उतरलो, तर यांबाचा जुना दोस्त झेर्बो उभा. झेर्बो सामो जमातीचा, आम्ही मोसी. या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं, आम्ही एकमेकांना गुलाम म्हणतो. मयताच्या घरी सामोने टिंगल केली नाही तर मेलेल्याचा मान राहिला असं कुणी मानत नाही. रागवायचं नाही, एवढाच नियम. जानेवारीत हा आबिजानला होता, त्यामुळे पोकोची टिंगल राहून गेली होती.

"कुठाय माझा गुलाम? बायको मेली तर मालकाला कळवायची पद्धत नाही?"

"मालक आबिजानला जेवत बसला होता," यांबा म्हणाला.

"जेवलो म्हणून वाचलो! तिची दोलो प्यायलो असतो तर तिच्या आधी गेलो असतो!"

परदेशी पाहुण्यांनी तोंडावर हात ठेवले. महोत्सवाची एक कार्यकर्ती त्याला गप्प करायला धावली. रस्माताने तिला दंड धरून बाजूला नेलं.

झेर्बोने माझी ओढणी ओढून कमरेला गुंडाळली, शेंगावालीची पाटी डोक्यावर घेतली आणि ठुमकत निघाला. "हीच ना रे? उधारीवाल्याच्या मागे लागल्यासारखी?"

लोक हसले. यांबा हसला नाही.

"पावलं लांब टाकतोयस," तो म्हणाला. "उजवा पाय ती जरा ओढायची."

झेर्बो परत चालला.

"कमरेवर हात नाही. हात मोकळा. हलवायची."

परत.

"घाई नको. पाणी भरलेलं आहे."

चौथ्या वेळी झेर्बो काही न बोलता चालला. भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला. यांबाने सगळं पाहिलं. पायांपासून पाटीपर्यंत, मधे कुठेही नजर न हलवता.

"हं," तो म्हणाला. "अशी."

"मग रड की, गुलामा! का तेही मीच करू?"

"तूच कर. मला चौथा लावायचाय."

त्याने खिशातून कोलाच्या दोन बिया काढून रीतीप्रमाणे, टिंगलीचा मान म्हणून, झेर्बोच्या हातावर ठेवल्या आणि जिना चढला. मी मागोमाग गेले. त्याचा चेहरा होता तसाच होता.

खाली झेर्बोने गळा काढला. खोटा, भला मोठा. यांबाने चौथा माहितीपट सुरू केला. आवाज आत येत होता, तरी त्याने खिडकी लावली नाही.