ट्राउगॉटचा डावा डोळा

जर्मनीतल्या लाउशा या काचकामाच्या गावात निम्मी घरं ग्राइनरांची आणि उरलेली बहुतेक म्युलरांची, त्यामुळे टोपणनावाशिवाय माणूस ओळखू यायचाच नाही. ट्राउगॉट म्युलरला सगळे ‘खवचट म्युलर’ म्हणत, आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवत असे.

खिडकीजवळच्या गॅसच्या ज्योतीवर तो काचेची हरणं करायचा. सुईसारखे पाय, त्याहून नाजूक शिंगं. एवढंसं जनावर हातात धरून वळवायचं म्हणजे त्याच्या पोटाला काचेची एक कांडी टेकवावी लागते. गावात तिला नुसतं ‘दांडी’ म्हणत. फार तापलेली लावली तर ती अंगात मुरते आणि काढताना पोटाचा लचका घेऊन येते. गार लावली तर हरीण मध्येच जमिनीवर. ट्राउगॉटची दांडी टिचकीसरशी सुटायची, आणि ती कुठे होती हे भिंग लावूनही सापडायचं नाही. या एका गोष्टीच्या जोरावर तो साऱ्या गावाला तुच्छ लेखायचा.

सगळ्यात जास्त बायकोच्या, सेल्माच्या, भावाला. एडविन ग्राइनर आधी बाहुल्यांचे डोळे करायचा. युद्ध संपलं, डोळे गमावलेली तरणी पोरं गाडी भरभरून परतली, आणि एडविन माणसांचे डोळे करू लागला. काचेचा डोळा वळवायलाही दांडी लागतेच. त्याने पांढरा कोट शिवला, दारावर ‘नेत्रकलावंत’ अशी पाटी ठोकली आणि चालताना पोट पुढे काढायला सुरुवात केली.

“कलावंत!” रविवारी जेवताना ट्राउगॉट बटाट्याचा गरम गोळा रश्शात कुस्करत म्हणाला. “एडविन, तू दांडी लावतोस की कुंपणाचा खांब पुरतोस?”

“दाजी, गिऱ्हाईक काही तक्रार करत नाही.”

“करणार कशी? बिचाऱ्याला वाटतं, डोळा गेल्याचंच दुखतंय.”

“अहो, जेवू द्या की त्याला,” सेल्मा म्हणाली.

“जेवू दे. तेवढंच त्याला नीट जमतं.”

एका सकाळी ट्राउगॉट हरणाची दांडी सोडवायला बसला होता. खिडकीबाहेरून एडविन चालला होता, डोक्यावर पिसाची नवी हिरवी टोपी. “सेल्मा, बघ बघ, तुझा कोंबडा निघाला!” असं म्हणत ट्राउगॉट हसला आणि हसता हसता, जोड नीट गार व्हायच्या आधीच, दांडीवर टिचकी मारून बसला. काच तडकली. एक कपची थेट डाव्या डोळ्यात गेली. जवळच्या झोनेबर्ग शहरातल्या डॉक्टरांनी डोळा काढूनच टाकला.

जखम भरल्यावर सेल्माने त्याला हाताला धरून भावाच्या दारात उभं केलं. “मी याच्या हातचा डोळा घालू?” ट्राउगॉट फणफणला.

“मग काय बटण शिवू?” सेल्मा म्हणाली.

एडविनने समोर बसवून, उजव्या डोळ्यात निरखून निरखून डोळा केला. करडा-निळा, बुबुळात तपकिरी ठिपका, पांढऱ्यावर केसासारख्या लाल रेघा. ट्राउगॉटने आरशात बराच वेळ पाहिलं. खोड काढण्यासारखं काही सापडेना, म्हणून तो जास्तच चिडून घरी गेला.

पण आठवडा सरायच्या आत पापणी सुजली आणि पाण्याची धार लागली. डोळा काढून त्याने ओठावरून फिरवला. पांढऱ्याच्या कडेला मोहरीएवढासुद्धा नाही, खसखशीएवढा एक खडा लागला. दांडीची जागा. तसाच उठून तो एडविनकडे गेला.

तिथे कूनो नावाचा तरुण बसला होता. सुतारकाम करायचा, युद्धातून एका डोळ्यानिशी परतला होता. त्याचीही पापणी लालबुंद.

“रडतोस काय रे?”

“नाही काका. पाणी येतं. एडविनकाका म्हणतात, सगळ्यांनाच येतं.”

ट्राउगॉटने आपला डोळा धुऊन एडविनच्या पुढ्यात धरला. “ओठाला लाव.”

“शी! दाजी, तुमच्या डोक्यातला—”

“लाव म्हणतो ना!”

एडविनने लावला. त्याचा चेहरा पडला, पण बोलला मात्र, “एवढंसं तर आहे.”

“पापणी दिवसभर त्याच्यावरूनच चालते, गाढवा! हे पोरगं लढाईतून सुटलं आणि तुझ्या तावडीत सापडलं. ऊठ तिथून.”

ज्योतीपाशी बसून त्याने कूनोसाठी केलेला अर्धवट डोळा उचलला, दांडी तापवली आणि टेकवायला नेली. दांडी काचेच्या डोळ्यापुढून हवेतूनच निघून गेली. पुन्हा नेली, तर खटकन आपटली आणि डोळ्याला तडा गेला. एका डोळ्याने अंतर कळेना. एवढी वर्षं जो हात न बघता जागेवर जायचा, तो आंधळ्यासारखा चाचपडत होता.

“दाजी,” एडविन हळूच म्हणाला, “आता खांब कोण पुरतंय?”

ट्राउगॉटने दांडी खाली ठेवली. “मी. पण पुरतोय हे मला कळतं तरी. बस इथे. हात तुझे, अक्कल माझी.”

दुसरा डोळा करून एडविनने दांडी तापवली.

“थांब. लाल आहे अजून. लाली जाऊ दे. अरे घाई काय, टोपी उडतेय का? आता. टेकव! दाबू नकोस, माशी बसते तशी टेकव.”

डोळ्याची मागची कड वळून झाल्यावर ट्राउगॉटने त्याला थंड चिमटा जोडाला टेकवायला लावला. बारीक ‘टिक्’ झालं. टिचकी मारताच दांडी सुटली. ती जागा ज्योतीतून एकदा फिरवली. डोळा भट्टीत हळूहळू गार झाल्यावर एडविनने न सांगता ओठाला लावला आणि ट्राउगॉटकडे बघितलं.

“बघतोस काय? एक झाला. आधी ज्यांना विकलेस त्या सगळ्यांना परत बोलाव.”

एडविनने बोलावलं. शरमेने मान खाली घालून का होईना, बोलावलं.

हरणं काही ट्राउगॉटला पुन्हा जमली नाहीत. तो रोज एडविनच्या ज्योतीशेजारी स्टुलावर बसून शिव्या घालायचा. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारं भ्रमलंय. एडविन एकदा म्हणाला, “दाजी, पाटीवर तुमचंही नाव घालू का?”

“त्या कोंबड्याच्या पाटीवर? माझं नाव दिसलं तर पाटीसकट तुला जाळीन.”

कूनोची पापणी बरी झाली. दर नाताळात तो घरचे सॉसेज घेऊन यायचा. ट्राउगॉट पहिला घास घेऊन म्हणायचा, “मीठ कमी आहे,” आणि मग सेल्मासाठी एक तुकडासुद्धा उरायचा नाही.