खाणीतला रूपचंद

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टोकाचं पेर नाही. नवखा माणूस विचारतो, चरकात गेलं का. मी सांगतो, रूपचंदानं नेलं. तो रूपचंदच होता, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

आमच्या गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं, ते उन्हाळ्यातही आटत नाही. नदी लांब, म्हणून गणपती या खाणीतच बुडवतात. गणपतीच्या मागोमाग लोक आणखी एक करतात. घरातल्या काचेच्या पेटीतले मासे नकोसे झाले, की पिशवीत भरून आणतात आणि देवापाठोपाठ सोडून देतात. घरात मेला तर पाप, देवाबरोबर गेला तर पुण्य. अशानं खाणीत परमुलखातले मासे वाढले. गप्पी, चिलापी, अंगावर चिलखत घातल्यासारखा काळा सकर आणि लाल पोटाचा रूपचंद.

ते धरून मी मिरजेच्या एका दुकानदाराला पोचवत असे. तिथनं ते पुन्हा कुणाच्या तरी काचेच्या पेटीत जात. गप्पीला मच्छरदाणीचं कापड पुरतं. सकर जाळ्यात आला तर मात्र ओढायचं नाही. त्याच्या परांचे काटे जाळ्यात रुततात. जाळं पाण्यातच ठेवून एकेक काटा सोडवायचा. बाकीच्यांना एवढा दम नसतो. जाळं फाटलं, की सकरला खडकावर आपटतात. त्यानं तो मरत नाही, म्हणून दगडानं ठेचतात. डोकं चेंदून गेल्यावरही त्याचं तोंड काहीतरी चोखत असल्यासारखं हलत राहतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मासा ओळखायचा असला, तर मी रंग बघत नाही, जबडा उघडतो. दुकानदारानं एकदा मांस तोडून खाणाऱ्या पिराना माशाचा वाळलेला जबडा दाखवला होता. दात करवतीसारखे. रूपचंदाचे दात माणसाच्या दाढेसारखे, चपटे. खाणीच्या काठाला उंबर वाकलेलं आहे. पिकलं फळ पाण्यात पडलं, की खालनं रूपचंद यायचा आणि कट्कन फोडायचा.

त्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाची म्हैस खाणीत डुंबायला उतरली आणि बोंबलत वर आली. एक सड तुटून लोंबत होता. दूध आणि रक्त एकत्र गळत होतं. चुलतभाऊ फौजेतनं पेन्शनीत आलेला, विहिरींचे सुरुंग उडवायचं काम करतो. म्हशीला घरी धाडून तो माणसं घेऊनच खाणीवर आला. मी पिंपात सकाळचा मासा घेऊन तिथंच बसलो होतो. त्यानं मोबाइलवरचा व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरला.

"दादा, बघ. पाण्यात बैल पडला, वर नुसता सापळा आला. तुजं लाल पोटाचं त्येच हाय."

"त्यो पिराना. ह्यो रूपचंद. बाजारातनं आणून कालवण करून खातासा की."

"मग सड कुणी तोडला?"

"उंबर समजून धरला आसंल."

मागनं कुणीतरी म्हणालं, "गड्या, बोटबी उंबरावानीच दिसतंय. घाल की पिंपात."

सगळे हसले. चुलतभाऊ हसला नाही. तो म्हणाला, "आज खाणीत सुरुंगाचं तोटं लावतो. उद्या कुणाचं पोर गेलं तर?"

तोटे लागले असते, तर खाणीत जिवंत काही उरलं नसतं. मी बाही सारली आणि पिंपात हात घातला. आत वीतभर रूपचंद होता. तो एकदा बोटाला घासून गेला. मग वळला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला. दुखलं नाही लगेच. पिंपातलं पाणी लाल होताना दिसलं, मग कळ दंडापर्यंत चढली.

हात वर धरून मी म्हणालो, "चावला म्हणून ह्यो पिराना होत न्हाई. कुत्रं चावलं तर त्येला वाघ म्हणतासा व्हय?"

ऐकणार कोण? चुलतभावानं स्वतःचा टॉवेल माझ्या हाताला करकचून आवळला. "आता गप दादा," म्हणाला आणि गड्याला तोटे आणायला पिटाळलं. मी डाव्या हातानं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. त्याचा ओठ फाटला. दोघांनी मला उंबराखाली उताणं पाडलं आणि छातीवर गुडघे दिले.

पाठीखालची जमीन आधी हलली, आवाज मागनं आला. पाण्याचा खांब उंबराच्या वर गेला आणि मासे आमच्या अंगावर पडले. पोट फुटलेले रूपचंद, डोळे बाहेर आलेली चिलापी. गप्पी तर पाण्यावर कोंड्यासारखे पसरले. आणि त्यांच्यात आमच्या मरळ, वांब, शिंगटी. त्यांना कुणी पिशवीतनं आणलं नव्हतं. काही सकर तेवढे जिवंत, काठाच्या चिखलात सरपटत होते. लोकांनी त्यांना ठेचलं. चुलतभावानं दंडाएवढी मरळ कल्ल्यात बोटं घालून उचलली. तिच्या तोंडातनं रक्त आलं. तिच्याकडं बघत तो बराच वेळ उभा राहिला. त्याच्या हनुवटीवरनंही रक्त टपकत होतं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर माझा हात शिवत असताना बायको म्हणाली, "आवं, आता तरी म्हणा की चुकलं."

"काय चुकलं? दात चपटं हुतं."

त्या धामधुमीत पिंपाकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. माझं पेर खाल्लेला रूपचंद तेवढा वाचला. त्याला मी परसातल्या सिमेंटच्या हौदात सोडला. रोज उंबरं टाकतो. फोडतो कट्कन.

भाद्रपदात गणपती निघाले. मी खाणीवर जाऊन बसलो. चुलतभाऊ डोक्यावर मूर्ती घेऊन आला. ओठावर माझ्या ठोशाचा वण होता. मूर्ती बुडवून तो वर आला आणि सुनेच्या हातनं पिशवी घेतली. पिशवीत लाल पोटाचा मासा. तो पाण्याकडं वळला, थांबला आणि माझ्याकडं आला. उन्हाळ्यापासनं आमचं बोलणं नव्हतं.

"दादा, ह्यो कंचा?"

मी पिशवीचं तोंड सोडलं, तुटक्या बोटानं माशाचा जबडा उघडला आणि दात त्याला दाखवले. त्यानं वाकून नीट बघितलं.

"रूपचंद," तोच म्हणाला.

"पाण्यात सोडू नगं. माज्या हौदात दे."

पिशवी देताना त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. "चावंल न्हवं?"

"चावंल," मी म्हणालो.