पातूर रस्त्याची निळी कोरांटी

पिवळी कोरांटी आमच्याकडे कुंपणाकुंपणाला आहे, तिचं कोणाला कौतुक नाही. निळी मात्र मी कागदावरच पाहिली होती. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात वाळवून चिकटवलेल्या झाडांचं एक कपाट आहे, त्यात तिची शीट आहे. फूल वाळून तांबूस झालंय, निळा रंग फक्त खालच्या चिठ्ठीत उरलाय. चिठ्ठीवर अक्षर माझ्या सरांचं: पातूर रस्ता, टेकडीचा उतार.

सर आता अकोल्याला मुलाकडे असतात. गुडघे गेलेत. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला, "ते निळी कोरांटी हाये का गेली, तेवढं पाहून सांग मले." मी लगेच हो म्हटलं.

एकटीनं जायला हवं होतं. पण तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कुठेतरी न्यायचंच होतं, म्हटलं एक पंथ दो काज.

सापडली. उतारावर, दगडाच्या आडोशाला, कमरेएवढं एकच झुडूप, फुलांनी लदलेलं. मी इतकी हुरळले की हाका मारून मारून मुलांना गोळा केलं. परीक्षेला प्रत्येकाला आपापली शीट द्यावी लागते, आणि फांदी फुलासकट हवी, कळीसकट हवी, जमलं तर फळही हवं, हे वर्गात मीच घोकून घेते. मुलं आज्ञाधारक निघाली. पाकळी दुमडू नका, रद्दीत नीट पसरा, असं मी एकेकाला दाखवत बसले. मान वर केली तेव्हा झुडपाचे खुंट तेवढे उभे होते.

"मॅडम, मले नाही भेटली," एक मुलगी म्हणाली. "मुळासकट घेऊ काय?"

नको, म्हटलं. पण सगळ्यांत देखणी फांदी माझ्याच पिशवीत होती. पर्यावरणाचा पेपर मीच शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली मी.

परतताना अकोल्यात गाडी कोपऱ्यावर थांबवली आणि सरांकडे एकटीच गेले. फांदी नेली नाही. मोबाइलमधला फोटो दाखवला, तोडण्याआधीचा. सरांनी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला.

"किती झाडं हायेत?"

"आठ-दहा असतील, सर."

सर रडायलाच लागले. "मले वाटे मीच संपवली. दर साली बॅच घेऊन जात होतो. मीच सांगो, फुलासकट आना, आन पोरं तोडून तोडून आनत. रिटायर झालो तवापासून हेच डोक्यात हाये." मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तू पोरं नाही ना नेली?"

लाजेनं माझे कान तापले. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या जिवाला पुन्हा घोर लागला असता, हे कबूल. पण मी त्यांच्यासाठी खोटं बोलले असं म्हणायला मला तोंड नाही. मी स्वतःला वाचवत होते.

"नाही, सर."

कोपऱ्यावरून आमच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. उशीर झाला की मुलं वाजवतात. सरांच्या सुनेनं चहा आणून ठेवला.

"शहानी हायेस," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.