कापूरवाला शिकारी

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी एक थोर शिकारी राहतो. घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारतो, पण बॉस बोलावतो म्हणून दर सीझनला हरणाच्या शिकारीला जातो. जंगलातल्या गोचिडांची त्याला फार धास्ती. म्हणून आदल्या दिवशी लवंगांचा काढा करतो, त्यात कडुनिंबाचं तेल आणि कापूर घालतो आणि शिकारीचे कपडे बुडवून ठेवतो. अख्ख्या गल्लीला देवळाचा वास सुटतो. शिकारीहून मात्र बॉसची सगळी टोळी रिकाम्या हातानं परतते.

"अरे, या वासानं गोचीडच काय, हरणंही पळत असतील!" परवा तो काढा ढवळत होता, तेव्हा मी म्हटलं.

"हळू बोला ना, काका," तो म्हणाला. "बॉसला वाटतंय, जंगलातली हरणंच संपलीत."

आणि त्यानं कापराच्या आणखी दोन वड्या टाकल्या.