उंबऱ्यातला उजेड

शकूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ईट गावात सलूनच्या खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या अर्ध्या मिशीला कलप लागलेला होता. तसाच उठलो, तोंड पुसलं आणि धाराशिवची एसटी धरली. दुःखाच्या दिवसांत उरलेली अर्धी कोण रंगवणार? भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या मिशीकडं बघायचा, मग घाईघाईनं मान खाली घालायचा. जाता जाताही मावशीनं माझं हसं करायचं सोडलं नाही...

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. धाराशिवात तिचा ब्युटी पार्लरचा क्लास. अर्ध्या जिल्ह्याच्या भुवया तिच्या दोऱ्याखालून गेल्या असतील. नवरी गोरीपान दिसलीच पाहिजे, हा तिचा कायदा, आणि बरीच वर्षं तो चाललाही. पुढं मोबाइलचे कॅमेरे सुधारले, नवऱ्या चोखंदळ झाल्या आणि मावशीच्या क्लासातल्या मुलींना काम मिळेना. सास्तूरच्या पूजाला तर एका पार्लरवालीनं तोंडावर विचारलं, "तुमच्या क्लासात नवरी सजवतात का पिठात घोळतात?" दुसऱ्याच दिवशी तिचा बाप क्लासच्या दारात उभा. "बाई, पोरीला घिऊन जातो. लग्नाचं बघतो आता." पूजा खाली मान घालून ब्रश धूत राहिली. मावशी म्हणाली, "ह्या लगीनसराईपतोर थांबा. तवर हिला काम न्हाय मिळालं, तर बोर्ड मीच उतरवते."

आणि साठीला टेकलेली मावशी सोलापूरला गेली. शिकायला, तेही आपल्याच जुन्या विद्यार्थिनीकडं. नसीमचं तिथं मोठं पार्लर. ती खुर्ची घेऊन धावली, तर मावशी मुलींच्या बाकावर जाऊन बसलेली. "आता मॅडम तू. चुकलं तर वरडायचं, लाजायचं न्हाय." रंग झाकायचा नसतो, जुळवायचा असतो, हे ती तिथं शिकली. परत आल्यावर क्लासचे जुने धडे तिनं गुंडाळले. मुलींना पटवायला फक्त एक चेहरा हवा होता, आणि आमच्या घराण्यात बिनकामाचा चेहरा माझाच.

"बाळू, बस." माझ्या डाव्या गालावर जुनी पद्धत, उजव्यावर नवी. मग मला उंबऱ्यात उभं केलं. "ट्यूबलाइटखाली समदेच देखणे. उजेडात बघा. खरी बाजू कुठली?"

"उजवी!" मुली ओरडल्या.

समोरून जाणारा रिक्षावाला थांबला. "काका, डावीकडं काय झालं ओ? भाजलं का?" कितीतरी दिवसांनी पूजा खळखळून हसली, आणि डावा गाल पुसून तिनंच तो उजव्याला जुळवला. मावशी तिच्या हाताकडं बघत राहिली.

त्याच लगीनसराईत पूजाला पहिली नवरी मिळाली. सास्तूरचीच, चांगली सावळी. मेकअप झाल्यावर पूजानं तिला उंबऱ्यात आणलं, तर नवरीची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया, ही तर माजीच पोरगी हाय! किती साजरी दिसाय लागली!" पूजाचा बाप पंगतीत जिलबी वाढत होता. प्रत्येक पानापाशी थांबून सांगायचा, "नवरी बघितली का? आमच्या पूजानं सजवलीया." साखरेचा आजार विसरून मावशीनं त्याच्याकडून दुसऱ्यांदा जिलबी घेतली. पुढं लातूरहून क्लासच्या मुलींना बोलावणी यायला लागली, आणि शिकवायला क्लासात पूजाच उभी राहिली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सहज म्हणून क्लासकडं गेलो. वाटलं, कुलूप असेल. आत नव्या मुलींचा कलकलाट चाललेला. "मॅडमला सुट्टी कुठं चालायची, काका?" पूजा म्हणाली. मग तिची नजर माझ्या मिशीवर गेली. दंडाला धरून तिनं मला उंबऱ्यात आणलं, उजेडाकडं तोंड करून उभं केलं आणि मुलींना विचारलं, "बघा गं, खरी बाजू कुठली?"

"पांढरी!"

मिशी आता दोन्हीकडून पांढरी आहे.