मिल्काबाईंचा पालतीएल

पावण्याच्या एमआयडीसीत रबराच्या रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात मिल्का वाकरूळकर यांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. रिंग उजेडाला धरायची, अंगठ्यावर फिरवायची, बारीकशी चीर दिसली की बाजूला टाकायची. लग्न झालं नाही. त्यांच्या यहुदी समाजातली बरीचशी मुलं इस्रायलला निघून गेली होती आणि आजारी वडिलांना सोडून त्यांना कुठे जाता येत नव्हतं. वडील गेले, नोकरी संपली, आणि बाई शिरवण्यातल्या आपल्या दोन खोल्यांत कादंबरी लिहायला बसल्या. विषय मात्र बारा वर्षांच्या असल्यापासून डोक्यात होता.

मिल्काबाई बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यानपिढ्या घरात मराठीच बोलणाऱ्या कोकणातल्या यहुद्यांपैकी. वडील समाजात पेटी घेऊन शास्त्रातल्या गोष्टींवर मराठी कीर्तन करायचे. त्यांच्याच तोंडून बारा वर्षांच्या मिल्काने मीखलची गोष्ट ऐकली. शौल राजाची ही मुलगी दाविदाला दिलेली. पुढे सासरा जावयाच्या जिवावर उठला, दाविद रानोमाळ पळाला, आणि शौलाने मुलगी उचलून गल्लीम गावच्या पालतीएलला देऊन टाकली. काही वर्षांनी शौल लढाईत पडला, दाविद राजा झाला आणि त्याने आपली बायको परत मागितली. माणसं आली आणि मीखलला घेऊन निघाली. पालतीएल रडत रडत तिच्या मागे बहुरीम गावापर्यंत चालत गेला. तिथे सेनापती अबनेर त्याला म्हणाला, "जा, परत जा." तो परत गेला.

"मग त्याचं काय झालं?" मिल्काने विचारलं.

"पुढे लिहिलेलं नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी पेटीचा भाता बंद केला.

लिहिलेलं नाही म्हणजे काय? एवढा मोठा बाप्या रस्त्याने रडत जातो आणि कुणी त्याची चौकशीही करत नाही? तो राग बाईंच्या मनात पन्नास वर्षं धुमसत राहिला. म्हणून चार वर्षं खपून त्यांनी पालतीएलवर तीनशे दहा पानं लिहिली. त्याची ऑलिव्हची झाडं, त्याची खोडकर गाढवी, राजाच्या मुलीशी बोलताना त्याची उडणारी तारांबळ, सगळं. हा पालतीएल गल्लीमकर म्हणजे आपल्याच अलिबाग-पेणकडचा कुणी साधा माणूस वाटावा, इतका त्यांनी तो जवळ आणला.

आणि मग जो छळ सुरू झाला, तो विचारू नका.

वाशीतले एक प्रकाशक होते, उदयसिंह नावाचे. त्यांनी बाडाची एक प्रत ठेवून घेतली आणि दर महिन्याला बाईंनी फोन केला की ते म्हणत, "वाचतोय, मॅडम." सात महिन्यांनी त्यांनी बोलावलं.

"छान आहे," उदयसिंह म्हणाले. "पण हे ख्रिस्ती साहित्यात टाकायचं का?"

"मी ख्रिस्ती नाही, साहेब. यहुदी आहे."

"हां, म्हणजे पारश्यांसारखं."

बाईंनी शांतपणे सगळं पहिल्यापासून सांगितलं. उदयसिंहांनी मान डोलावली आणि ते म्हणाले, "ते ठीक. पण नायक जरा रडका होतो. दाविदाला पुढे घ्या की! तलवारी, राजवाडा. आणि एक विचारू का? तुमचं लग्न झालेलं नाही ना? नवराबायकोचा भाग म्हणूनच थोडा..." पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं.

बाई चप्पल घालून निघाल्या, त्या वाशीहून जुईनगरपर्यंत रागाच्या भरात चालतच आल्या. पण प्रत त्यांनी परत मागितली नाही, आणि दर महिन्याचा फोनही सोडला नाही.

समाजातही तीच गत. एका घरी मलिद्याचा, म्हणजे देवाचे आभार मानायचा, कार्यक्रम होता. गोड पोह्यांची ताटली हातात देता देता एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मिल्का, दाविद राजाला नावं ठेवतेस म्हणे." त्यांनी एक पानही वाचलेलं नव्हतं. इस्रायलमधल्या अश्दोदहून धाकट्या भावाचा, हनोकचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, इथे माझ्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तू हे कुणासाठी लिहितेस?" बाई त्याच्यावरच ओरडल्या.

राहता राहिली पुतळा. ही त्यांची घरमालकीण, शिरवण्यातल्या जुन्या आगरी कुटुंबातली, सत्तरीची. तिला लिहिता-वाचता येत नसे. दुपारी ती गच्चीवर जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत बसायची. खवलं नसलेली मासळी यहुदी म्हणून मिल्काबाईंना चालत नाही, म्हणून त्या चार हात लांब खुर्ची टाकून बसायच्या. एके दिवशी पुतळाच म्हणाली, "बाय, एवढं लिवलंस ते वाचून तरी दाखीव." महिनाभर रोज वाचन चाललं. पुतळा खोडकर गाढवीला हसायची, शौलाला शिव्या घालायची. बाईंना वाटलं, मिळाला बाबा एक तरी माणूस.

शेवटी बहुरीमच्या रस्त्याचं प्रकरण आलं. वाचून झालं. पुतळाने सूप मांडीवर ठेवलं.

"आनि ती काय बोलली?" तिने विचारलं.

"कोण?"

"ती गो, बायको. तो मागं एवढा रडतंय, तिच्या कानाव जात नसंल का? ती काय बोलली?"

"शास्त्रात ती तिथे काही बोलत नाही, पुतळाताई."

"शास्त्रात तर तो पन काय बोलत नाय. त्याला तू तीनशे पानं दिली."

मिल्काबाईंनी पानं गोळा केली आणि त्या खाली आल्या. मेलीला अक्षर वाचता येत नाही आणि चालली मला शिकवायला! चार दिवस त्या गच्चीवर गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी बाड उघडून मीखल कुठे कुठे बोलते ते पाहिलं. "पाणी आणू का?" आणि "वारा सुटलाय." तीनशे दहा पानांत तिने पालतीएलच्या डोळ्यांतून दिसण्यापलीकडे काही केलं नव्हतं. एका माणसाची विचारपूस झाली नाही म्हणून जन्मभर संतापलेल्या बाईने त्याच्याच शेजारच्या माणसाची विचारपूस केली नव्हती. त्यांना स्वतःचाच असा राग आला, की दुपारचं जेवण तसंच राहिलं.

आणि दैवाची थट्टा बघा, त्याच आठवड्यात उदयसिंहांचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन! आहे तशीच काढू. दिवाळीच्या आधी."

"साहेब, थोडं थांबाल? मला ती परत लिहायचीय."

"परत? अहो, अकरा महिने तुम्ही माझ्या मागे लागला होतात!"

"ते शेवटचं प्रकरण चुकलंय. त्याच्या आधीचंही बरंच चुकलंय."

"कुणाच्या लक्षात येणार नाही."

"एकीच्या आलंय."

"मग त्या एकीलाच वाचायला द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी बाईंचा फोन कधी उचलला नाही.

मीखल काही बोलेना. बाईंनी तिला रडवून पाहिलं, चिडवून पाहिलं, मागे वळून हात पसरायला लावले. सगळं खोटं वाटायचं. दोन महिने गेले. आणि एका शनिवारी सकाळी, भाजी ढवळायचीही मुभा नसलेल्या शब्बाथच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी, बाई खिडकीशी बसल्या असताना मीखल अचानक बोलली. तेही असं सुरेख वाक्य! पण शब्बाथला पेन हातात घ्यायचं नाही. बाई दिवसभर ते वाक्य पुटपुटत घरात येरझारा घालत राहिल्या. पुतळा काही विचारायला आली तर तिला हातानेच परत पाठवलं. आकाशात शब्बाथ संपल्याच्या तीन चांदण्या दिसताच त्यांनी वही ओढली. तोवर वाक्यातला एक शब्द निसटला होता. कपाळावर हात मारून घेतला तरी तो आठवेना. जे उरलं होतं, ते त्यांनी लिहिलं:

"रडू नकोस. तुला परत जायला सांगतील म्हणून तुला रडता येतं. मला कुणी परत जा म्हणणार नाही."

तो शब्द असता तर वाक्य उभं राहिलं असतं, आता ते लंगडं आहे, असं बाईंचं ठाम मत आहे. पुतळाला त्यात काही लंगडं दिसत नाही, आणि यावरून दोघींची गच्चीवर रोज वादावादी होते. कादंबरी आता चारशे पानांच्या वर गेली आहे, प्रकाशक नाही, आणि मिल्काबाई सध्या दुसरं प्रकरण फाडून पुन्हा लिहीत आहेत.